अपेक्षित निष्कर्षांचा रकाना

फेलोशिपच्या अर्जात साधारण मध्यावर एक रकाना असतो. कुठे त्याला 'अपेक्षित निष्कर्ष' म्हणतात, कुठे 'संशोधनाची फलश्रुती', कुठे सरळ 'आउटकम'. शब्दमर्यादा अडीचशे, फार तर तीनशे. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना तो भरताना काय वाटतं ते त्यांनी सांगावं. इतिहास, समाजशास्त्र, मानवशास्त्र, साहित्य, तत्त्वज्ञान या विषयांत काम करू पाहणारी मुलं मात्र त्या रकान्यापाशी येऊन अडतात, हे मी कित्येक वर्षं त्यांच्या शेजारी बसून पाहते आहे. ज्या दप्तरखान्यात अजून पाऊल टाकलेलं नाही तिथे काय सापडणार, ज्या माणसांशी अजून दोन शब्द बोललेलो नाही ती काय सांगणार, हे आधीच लिहून द्यायचं. तेही ठामपणे. 'कदाचित' हा शब्द परीक्षकाला कच्चेपणाचा वाटेल, या भीतीनं मुलं तो शोधून शोधून खोडतात.

माझं म्हणणं असं की हा रकाना काढून टाकावा. मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांच्या फेलोशिपसाठी उमेदवाराकडे प्रश्न मागावा, त्या प्रश्नाला भिडण्याची तयारी मागावी, त्या तयारीचा पुरावाही मागावा. उत्तर मागू नये. ही फॉर्मच्या मांडणीची किरकोळ तक्रार नाही. अर्ज काय विचारतो यावर कोण निवडलं जाणार हे ठरतं, आणि कोण निवडलं जातं यावर पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत कोणत्या विषयावर काय लिहिलं जाणार हे ठरतं.

एक उदाहरण जवळून सांगते. एक मुलगी तिचा संशोधन आराखडा घेऊन आली होती. विषय होता दूरदेशी कामाला गेलेल्या मजुरांनी शंभरेक वर्षांपूर्वी घरी पाठवलेली पत्रं. एका संग्रहात अशी तीनशेच्या वर पत्रं आहेत आणि त्यांतली चाळीसेक तिनं स्वतः वाचली होती. आराखड्याचं पहिलं वाक्य होतं, 'स्थलांतर ही मानवी इतिहासातील एक महत्त्वपूर्ण व सार्वत्रिक प्रक्रिया आहे.' दुसरं त्याच वळणाचं, तिसरंही. पहिलं पान संपलं तरी एकही पत्र आलं नव्हतं. सिद्धांतकार मात्र सगळे हजर होते. मी तिला म्हटलं, कागद बाजूला ठेव आणि पत्रांत काय आहे ते मला सांग.

ती बोलू लागली आणि दहा मिनिटं थांबली नाही. पाठवलेल्या पैशांचा आकडा जवळजवळ प्रत्येक पत्रात शेवटून दुसऱ्या ओळीत येतो. आजारपणाची बातमी नेहमी बरं झाल्यानंतरच कळवलेली असते. बायकोला उद्देशून थेट एक ओळ नाही. तिच्यासाठीचा निरोप आईच्या पत्रात, कुठेतरी मधे, सहज सांगितल्यासारखा. मी विचारलं, "यातलं काहीच आराखड्यात कसं नाही?" ती म्हणाली, "मॅडम, याचा अर्थ काय ते मलाच अजून कळलेलं नाही. मग निष्कर्षांत काय लिहू?"

तिच्याजवळ जे सर्वांत मोलाचं होतं ते तिला अर्जात मांडण्यासारखं वाटलं नाही, आणि जे कुणीही लिहू शकलं असतं ते तिनं पहिल्या पानावर ठेवलं. दोष तिचा नव्हता. फॉर्मनं तिला तसंच शिकवलं होतं.

आपल्या विद्याशाखांचा इतिहास काय सांगतो? मानवशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड यांनी उतारवयात आपल्या क्षेत्रकार्याबद्दल लिहिताना कबूल केलं आहे की मध्य आफ्रिकेतल्या आझांदे लोकांत ते गेले तेव्हा त्यांना चेटूक या विषयात रस नव्हता. रस आझांदेंना होता, म्हणून त्यांच्यामागून जावं लागलं. आजच्या दक्षिण सुदानमधल्या नुएर या पशुपालक लोकांत गेले तेव्हा गुरांशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. नुएरांना होतं, म्हणून गुरांचं सगळं समजून घ्यावं लागलं. आज आझांदेंचं चेटूक आणि नुएरांची गुरं वगळून सामाजिक मानवशास्त्राचा इतिहास सांगताच येत नाही. त्या काळी त्यांच्यापुढे आजचा फॉर्म असता, तर त्या रकान्यात या दोन्हींपैकी एकही गोष्ट आली नसती.

त्याही आधीचं उदाहरण मानवशास्त्रज्ञ मालिनोव्हस्की यांचं. लंडन विद्यापीठाच्या रॉबर्ट मॉन्ड प्रवासवृत्तीच्या बळावर ते १९१४ साली न्यू गिनीकडे निघाले. वाटेत महायुद्ध पेटलं. ते ऑस्ट्रियाचे प्रजाजन, म्हणजे ब्रिटिशांच्या लेखी शत्रुराष्ट्राचे. पण ऑस्ट्रेलियातल्या अधिकाऱ्यांनी त्यांना काम करू दिलं. आधी मैलू बेटावर काही महिने, आणि मग १९१५ ते १९१८ या काळात दोन मोठ्या मुक्कामांत ट्रोब्रियांड बेटांवर. तिथे राहून, भाषा शिकून, लोकांच्या रोजच्या व्यवहारात मिसळून त्यांनी 'कुला' नावाच्या देवाणघेवाणीचं जे वर्णन केलं, त्यानं क्षेत्रकार्य म्हणजे काय याची व्याख्याच बदलली. आज अशा प्रवासाचं वेळापत्रक तक्त्यात मागतात: महिना एक ते तीन, पूर्वतयारी, चार ते आठ, माहिती संकलन, नऊ, विश्लेषण, दहा ते बारा, लेखन. हा तक्ता मीही अनेकदा भरला आहे, आणि त्याप्रमाणे एकदाही घडलेलं नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं. तिथे त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता. पण समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानवशास्त्र असे वर्गही त्यांनी भरपूर केले. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातल्या जातींची उत्पत्ती आणि घडण यावर निबंध वाचला. वय होतं पंचवीस. तो निबंध अर्थशास्त्राच्या पदवीसाठी नव्हता. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी जातीवर लिहिणाऱ्याला तो वाचल्याशिवाय पुढे जाता येत नाही. शिष्यवृत्तीनं त्यांना वेळ दिला, ग्रंथालय दिलं, शिक्षक निवडायची मोकळीक दिली. आणि त्या मोकळिकीतून हे आलं. पुढे शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली लंडनमध्ये सुरू केलेला अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं, हेही विसरायला नको. पैसा वेळेवर थांबला की विचारही थांबतो, मग विचार करणारा कितीही मोठा असो.

इथे लगेच आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. ही माणसं असामान्य होती. त्यांच्यावरून नियम करता येत नाही. शिवाय फेलोशिपचा पैसा लोकांचा असतो, करातून आलेला किंवा कुणी विश्वासानं ठेवलेला. तो देताना 'काय मिळणार' हे विचारायचं नाही तर काय विचारायचं?

हा आक्षेप मी टाळत नाही, कारण मी निवड समितीवर बसले आहे आणि एकेका जागेसाठी साठ-साठ अर्ज वाचले आहेत. काहीतरी विचारावंच लागतं. पण ज्याची शहानिशा करता येईल असं विचारावं. उमेदवाराला साधनांची, म्हणजे ज्या मूळ कागदपत्रांवर किंवा मुलाखतींवर काम करायचं त्यांची, भाषा येते का, हे तपासता येतं. ज्या संग्रहात जायचं आहे तो खुला आहे का, तिथलं परवानगीचं पत्र हातात आहे का, हे कळतं. आजवर काय वाचलं, त्यातलं काय पटलं नाही आणि का, हे दोन पानांत दिसतं. हाती आलेल्या साधनांतला एक तुकडा घेऊन त्याचं बारकाईनं केलेलं वाचन मागितलं, तर माणसाची पारख जितकी होते तितकी दुसऱ्या कशानंच होत नाही. उलट अजून न लागलेल्या शोधाचं वर्णन तपासायला परीक्षकाजवळ कोणतंच साधन नसतं. तिथे तो फक्त भाषा तपासतो. लोकांच्या पैशाची राखण त्यानं होत नाही.

अर्ज कसा लिहावा याबद्दल आजवर मी जे वाचलं त्यात सर्वांत उपयोगी ठरलेलं टिपण अ‍ॅडम प्शेवोर्स्की आणि फ्रँक सालोमन यांचं. एक राज्यशास्त्रज्ञ, एक मानवशास्त्रज्ञ. अमेरिकेतल्या सोशल सायन्स रिसर्च कौन्सिलनं ते १९८८ साली काढलं, १९९५ मध्ये सुधारलं. ते म्हणतात, परीक्षक प्रत्येक आराखड्यात तीन प्रश्नांची उत्तरं शोधत असतो: आज आपल्याला माहीत नसलेलं असं यातून काय कळेल, ते कळून घेण्यासारखं का आहे, आणि काढलेले निष्कर्ष खरे आहेत हे कशावरून ओळखायचं. यातला तिसरा प्रश्न मला सर्वांत आवडतो. तो निष्कर्ष मागत नाही. निष्कर्ष चुकला तर तो तुमच्या लक्षात कसा येईल, ते विचारतो. हा प्रामाणिक माणसाला विचारायचा प्रश्न आहे. तो बहुतेक फॉर्मवर नसतो.

आता हे टिपण कुणापर्यंत पोचतं? अर्जाचं खरं शिक्षण अशा छापील मजकुरातून होतच नाही. ते होतं आधीच्या वर्षी निवडल्या गेलेल्या कुणाच्या तरी अर्जाच्या पीडीएफमधून. ती पीडीएफ एका विभागातल्या एका गटात फिरते, सीनियर ज्युनियरला देतो, मार्गदर्शक 'हे बघ, असं लिहितात' म्हणून पुढे करतात. ज्या विद्यापीठातून आजवर कुणालाच फेलोशिप मिळालेली नाही तिथल्या मुलाकडे ही पीडीएफ येणार कुठून? त्याच्याकडे विषय असतो, कष्ट असतात, कधी कधी कुणाकडेच नसलेली साधनं असतात. नसतो तो सूर. आणि निवड समितीत बसल्यावर तो सूर कानाला इतका ओळखीचा झालेला असतो, की तो लागला नाही तर अर्ज 'अजून तयार नाही' असं आपण सहज म्हणून जातो. मीही म्हटलं आहे. एका अर्जाच्या बाबतीत तर मला नंतर कित्येक दिवस चैन पडलं नाही, कारण त्याच्या चौथ्या पानावर तळटिपेत असं एक निरीक्षण होतं जे निवडल्या गेलेल्या तिन्ही अर्जांत मिळून नव्हतं. मी ते वाचलं तेव्हा गुण देऊन झाले होते.

समित्या नेमक्या कशा ठरवतात याचा अभ्यास समाजशास्त्रज्ञ मिशेल लामाँ यांनी केला आहे. बहुविद्याशाखीय फेलोशिप स्पर्धांच्या परीक्षकांशी त्या सविस्तर बोलल्या आणि २००९ साली त्यांनी तो अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना दिसलं ते असं की 'उत्कृष्ट' या शब्दाखाली प्रत्येक शाखा वेगळी गोष्ट ठेवते. इतिहासकारांचं आपसात बऱ्यापैकी एकमत होतं. साहित्याच्या अभ्यासकांत 'उत्कृष्टता अशी काही असते का' यावरच दुमत. अर्थशास्त्रज्ञांना गणिती काटेकोरपणामुळे रेघ ओढणं सोपं जातं. मौलिकता म्हणजे काय यावरही असंच. मानव्यविद्यांतली मंडळी नव्या दृष्टिकोनाला मौलिक म्हणतात, सामाजिक शास्त्रांतली मंडळी नव्या पद्धतीकडे अधिक लक्ष देतात. लामाँ यांनी परीक्षकांना वाईट ठरवलेलं नाही. उलट ते मनापासून, जबाबदारीनं काम करतात असंच त्यांना आढळलं. पण मनापासून केलेल्या कामातही आपल्यासारख्या कामाकडे आपला कल झुकतोच.

नशिबाचा भाग किती, याचंही मोजमाप झालेलं आहे. स्टीफन कोल, जोनाथन कोल आणि गॅरी सायमन यांनी १९८१ साली अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे आलेले दीडशे प्रस्ताव पुन्हा वेगळ्या परीक्षकांकडून तपासून घेतले. त्यात एक शाखा अर्थशास्त्राची होती. त्यांचा निष्कर्ष असा की प्रस्तावाचं भवितव्य साधारण निम्मं प्रस्तावावर आणि तो लिहिणाऱ्यावर ठरतं, आणि उरलेलं निम्मं तो कोणत्या परीक्षकाच्या हाती पडला यावर. आज चाळीस वर्षांनंतर अर्जांची संख्या अनेक पटींनी वाढली आहे. युरोपातल्या मारी क्युरी पोस्ट-डॉक्टरल फेलोशिपसाठी २०२४ मध्ये १०,३६० अर्ज आले होते. २०२५ मध्ये ते १७,०५८ झाले. इतक्या गर्दीत वरच्या दहा टक्क्यांतला शेवटचा आणि त्याच्या खालचा पहिला यांत फरक करणारी नजर कुणाकडे असेल, असं मला वाटत नाही.

आणि तरी त्या न दिसणाऱ्या फरकानं आयुष्यं ठरतात. नेदरलँड्समधल्या नवोदित संशोधकांच्या अनुदानांचा अभ्यास थाइस बोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केला. निवडीच्या रेषेच्या किंचित वर राहिलेले आणि किंचित खाली राहिलेले, म्हणजे गुणवत्तेत जवळजवळ सारखेच, अशा दोन गटांकडे त्यांनी पाहिलं. पुढच्या आठ वर्षांत वरच्या गटाला खालच्या गटाच्या दुपटीहून जास्त संशोधननिधी मिळाला. 'ज्याच्याजवळ आहे त्यालाच आणखी' या प्रवृत्तीला समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ साली 'मॅथ्यू परिणाम' असं नाव दिलं होतं. त्याचाच हा आकड्यांतला पुरावा. पण मला त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त लागली. खालच्या गटातली बरीच माणसं पुढे अर्ज करायचीच थांबली. एका नकारानं त्यांनी स्वतःबद्दल निकाल देऊन टाकला.

नकार कसा येतो ते ज्यांनी अनुभवलं आहे त्यांना सांगायला नको. माझ्याकडेही असं एक पत्र आहे. 'मोठ्या संख्येनं उत्कृष्ट अर्ज आल्यामुळे आपला अर्ज स्वीकारता येत नाही, याबद्दल खेद वाटतो.' त्या अर्जावर मी उन्हाळ्याचे अडीच महिने घालवले होते. शिफारसपत्रांसाठी दोन ज्येष्ठ प्राध्यापकांकडे पुन्हा पुन्हा आठवण केली होती, शेवटच्या रात्री पोर्टल तीनदा बंद पडलं तेव्हा जिवाचं पाणी झालं होतं. आराखड्यात काय खटकलं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. दोन ओळी कुणी लिहिल्या असत्या, 'साधनं पुरेशी वाटत नाहीत' किंवा 'प्रश्न दोन आहेत, एक ठेवा', तर पुढच्या वर्षीचा अर्ज वेगळा झाला असता. समितीसमोर प्रत्येक अर्जावर टिपणं असतातच. ती उमेदवाराला देण्यात काय अडचण आहे? संख्या जास्त आहे म्हणतात. पण दुसऱ्या फेरीपर्यंत पोचलेल्यांना तरी देता येतील.

या सगळ्या मेहनतीची बेरीज कुणी करत नाही. ऑस्ट्रेलियात एकदा केली गेली, तीही वैद्यकीय संशोधनासाठी: २०१२ सालच्या एका फेरीतल्या सुमारे ३,७०० प्रस्तावांवर संशोधकांची मिळून साडेपाचशे वर्षं खर्ची पडली होती, आणि त्यांतले बहुतेक प्रस्ताव नाकारले गेले. आपल्या शाखांत प्रस्ताव लिहिणारा बहुधा एकटा असतो, त्याच्यामागे प्रयोगशाळा नसते, मदतनीस नसतो. अनेकदा तो कुठेतरी तासिका तत्त्वावर शिकवत असतो आणि रात्री लिहितो. ज्याला पगार आहे त्याला अर्जासाठी दोन महिने काढता येतात. ज्याला नाही त्याच्यासाठी ते दोन महिने उत्पन्नाशिवायचे असतात. निवड सुरू होण्याआधीच इथे पहिली चाळणी लागून गेलेली असते.

भाषेबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण हे दुखणं आपल्याला जास्त जवळचं आहे. जगातल्या बहुतेक मोठ्या फेलोशिपचे अर्ज इंग्रजीत भरावे लागतात. साधनं कोणत्याही भाषेतली असोत. म्हणजे ज्याची साधनं स्वतःच्या भाषेत आहेत, ज्याचा विचार त्या भाषेत घडला आहे, त्यानं तो दुसऱ्या भाषेत केवळ सांगायचा नाही तर त्या भाषेच्या चालू परिभाषेत बसवायचा. या प्रवासात काय गळतं ते मी पाहिलं आहे. एखाद्या बोलीतल्या शब्दाभोवती सगळा प्रश्न फिरत असतो; इंग्रजीत त्याच्या जागी 'आयडेंटिटी' येतो, 'एजन्सी' येतो, आणि प्रश्न नाहीसा होतो. अर्ज वाचायला सोपा होतो, शंभर दुसऱ्या अर्जांसारखा होतो. उमेदवाराला वाटतं, आता जमलं. ज्या संस्था स्थानिक भाषांतल्या साधनांवरच्या कामाला पैसा देतात त्यांना त्या भाषा वाचणारा एखादा परीक्षक नक्कीच मिळू शकतो. निदान आराखड्याचा गाभा, दोन पानं का होईना, मूळ भाषेत घ्यावा आणि सोबत गोषवारा इंग्रजीत. एवढ्यानं ज्यांना आज दारातूनच परतावं लागतं अशी कितीतरी माणसं आत येतील.

शिफारसपत्रांबद्दल थोडक्यात: ती उमेदवारापेक्षा त्याच्या ओळखींबद्दल जास्त सांगतात. पहिल्या फेरीत ती मागूच नयेत.

गेल्या दोन-तीन वर्षांत एक नवी गोष्ट घडली आहे आणि तिनं माझं म्हणणं मला अधिक निकडीचं वाटू लागलं आहे. चार मुद्दे दिले की गुळगुळीत आराखडा लिहून देणारी यंत्रं आता प्रत्येकाच्या हाताशी आहेत. 'अपेक्षित निष्कर्ष' तर ती फारच झकास लिहितात, कारण त्यात खरं काही असावं लागत नाही. एका परीनं हे बरंच झालं: सूर ज्याला येत नव्हता त्यालाही आता तो मिळाला. पण मग त्या सुरावर माणूस निवडण्यात अर्थ काय उरला? तीनशेतली चाळीस पत्रं वाचून 'पैशांचा आकडा शेवटून दुसऱ्या ओळीत येतो' हे मात्र यंत्र सांगू शकत नाही, कारण ती पत्रं कुणी टंकलेलीच नाहीत, एका कपाटात आहेत. जे फक्त तिथे जाऊन बसणाऱ्यालाच ठाऊक आहे ते अर्जानं विचारावं.

काही ठिकाणी बदल सुरू झाले आहेत. स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठाननं २०२१ पासून, सीमारेषेवरचे प्रस्ताव समितीला खरोखरच वेगळे करता आले नाहीत तर चिठ्ठ्या टाकायची मुभा ठेवली आहे. ब्रिटिश अकॅडमी ही तर मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांचीच संस्था. तिनं २०२२ मध्ये दहा हजार पौंडांपर्यंतच्या लहान अनुदानांसाठी असाच प्रयोग सुरू केला. गुणवत्तेची पायरी ओलांडलेल्या सगळ्या अर्जांतून सोडत. विद्वत्तेची सोडत काढणं म्हणजे विद्वत्तेचा अपमान, असं काही ज्येष्ठांना वाटतं. त्यांचा राग मी समजू शकते. पण निम्मा निकाल परीक्षक कोण यावर ठरत असेल तर चिठ्ठी आधीही निघतच होती, फक्त तिला गुणवत्ता म्हणत होतो. उघड सोडतीत नाव आलं नाही तर माणूस 'मी कमी पडलो' असं मनाला लावून घेत नाही, पुढच्या वर्षी परत येतो. तेवढ्यासाठी तरी मी सोडतीच्या बाजूची आहे.

दोन टप्प्यांत अर्ज घेणं हा त्याहून सोपा उपाय. पहिल्या टप्प्यात दोन पानं: प्रश्न, साधनं, आणि एका साधनाचं वाचन. बजेट नको, तक्ता नको, शिफारस नको. त्यातून निवडलेल्यांनाच पुढचं सगळं विचारा. शंभरातल्या ऐंशी जणांचे दोन महिने वाचतील, आणि परीक्षकांनाही प्रत्येक अर्ज पूर्ण वाचायला वेळ मिळेल. मला हे करायला फारसा पैसा लागेल असं वाटत नाही. लागेल तो समित्यांनी आपली सवय मोडण्याचा निर्धार.

त्या मुलीचं पुढे काय झालं ते सांगते. आम्ही दोघींनी मिळून आराखडा पुन्हा मांडला. पहिलं वाक्य झालं: 'या पत्रांत पाठवलेल्या पैशांचा आकडा जवळजवळ नेहमी शेवटून दुसऱ्या ओळीत येतो, तो तिथेच का येतो, हा माझा प्रश्न आहे.' निष्कर्षांचा रकाना रिकामा ठेवता येत नव्हता, पोर्टल पुढे जाऊ देत नाही. तिथे तिनं तीन शक्यता लिहिल्या आणि प्रत्येक शक्यता खरी असेल तर पत्रांत काय काय दिसायला हवं ते लिहिलं. शेवटी लिहिलं की तिन्ही चुकीच्या ठरू शकतात. हे वाक्य ठेवावं की नाही यावर आमचा बराच वाद झाला. ठेवू नको असं म्हणणारी मी होते. तिनं ठेवलं.

पहिल्या संस्थेनं नाकारलं, दुसऱ्या संस्थेनं घेतलं. कामाच्या पाचव्या महिन्यात तिच्या लक्षात आलं की वेगवेगळ्या माणसांच्या नावावरच्या शंभरावर पत्रांचं अक्षर एकच आहे. एकच लिहिणारा होता. मजूर सांगत होते आणि तो लिहीत होता. पैशांचा आकडा कुठे घालायचा, आजारपण कधी सांगायचं, बायकोचा निरोप कुणाच्या पत्रात घालायचा, हे कदाचित त्यानंच ठरवलं होतं. तिच्या तिन्ही शक्यता तिथेच संपल्या आणि खरं काम सुरू झालं. हा लिहिणारा कोण होता, पैसे घेत होता का, त्याच्याशिवाय त्या माणसांना काय म्हणायचं होतं, असे प्रश्न तिच्यापुढे आले, आणि ते पहिल्या प्रश्नापेक्षा कितीतरी मोठे आहेत.

सहामाही प्रगती अहवालाच्या फॉर्मवर एक रकाना होता: 'मंजूर आराखड्यापासून विचलन झाले असल्यास कारणे द्यावीत. शब्दमर्यादा शंभर.' तिनं दोन पत्रांच्या छायाप्रती शेजारीशेजारी ठेवून जोडल्या, दोन्हीतल्या एकाच वळणाच्या अक्षरांखाली पेन्सिलीनं रेघा मारल्या, आणि रकान्यात लिहिलं, 'सोबतची पाने पाहावीत.'